अंतिम तारखेचा प्रश्न

प्रशासनात काम सुरू करण्याचा आदेश तत्परतेने निघतो. ते थांबविण्याचा मात्र क्वचितच. ब्रिटिश अमदानीत जिल्ह्याजिल्ह्यांतून वर जाणाऱ्या नियतकालिक विवरणपत्रांचे असेच झाले होते. लॉर्ड कर्झन (व्हाइसरॉय, 1899-1905) यांनी अहवालांच्या त्या पसाऱ्याला कात्री लावली. एरवी आपण त्यांना बंगालच्या फाळणीसाठीच आठवतो!

संगणक आला, कारकुनाची जागा यंत्राने घेतली, सवय तीच राहिली. युनिक्स प्रणालीत ठरावीक वेळी काम करवून घेणारी 'क्रॉन' नावाची सोय 1970 च्या दशकापासून आहे. तिच्या कोष्टकातील प्रत्येक ओळीत वेळेचे पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना आणि वार. वर्षाचा रकानाच नाही. रोज रात्री दोन वाजता माहिती गोळा करण्याची आज्ञा एकदा लिहिली की ती कायमची. योजना बंद होवो, अधिकारी निवृत्त होवो, माहिती ओढली जातेच. कारकून निदान कुरकुर तरी करी.

घटनाकारांना हा धोका ठाऊक असावा. अनुच्छेद 334 मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा आणि अँग्लो-इंडियन समाजाचे नामनिर्देशन यांना त्यांनी 10 वर्षांची मुदत घातली. ती वारंवार वाढविण्यात आली हे खरे. पण दर वेळी संसदेला घटनादुरुस्ती करावी लागली, म्हणजेच प्रश्न पुन्हा विचारावा लागला. 104 व्या दुरुस्तीने राखीव जागांना 2030 पर्यंत मुदत दिली, नामनिर्देशनाला दिली नाही. जानेवारी 2020 मध्ये ते आपोआप संपले.

माहितीच्या बाबतीत असा प्रयत्न 'आरोग्य सेतू'च्या वेळी झाला. 11 मे 2020 च्या कार्यपद्धतीत संपर्क व स्थानविषयक माहिती साधारणपणे 180 दिवसांपलीकडे न ठेवण्याचे बंधन होते, आणि ही कार्यपद्धती स्वतः सहा महिन्यांसाठीच होती. पुढे तिला 10 मे 2021 पर्यंत मुदतवाढ मिळाली. माझ्या मते येथे एक गफलत होती. मुदत बंधनांना होती, माहिती गोळा करण्याला नव्हती. बंधन संपावे आणि संकलन चालू राहावे, ही शक्यता मसुद्यातच राहून गेली. अंतिम तारीख कशाला लावायची, हे ती किती दूरची ठेवायची यापेक्षा महत्त्वाचे असते.

2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात उद्देश संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे कर्तव्य लिहिलेले आहे. परंतु दिवसा पुसलेली माहिती रात्री दोन वाजता पुन्हा भरली जाऊ नये, यासाठी कोष्टकातील ती ओळही कोणीतरी काढावी लागेल. म्हणून अशा प्रत्येक कामाच्या मंजुरीच्या टिप्पणीतच समाप्तीचा दिनांक आणि तो वाढविण्याचा अधिकार असलेले पद नमूद असावे, आणि आज्ञावलीने चालू होताच प्रथम तो दिनांक तपासावा. उलटला असेल, तर काहीही न करता थांबावे.