घरच्या डायलिसिसवरची दूरस्थ देखरेख : नागपूर आणि विदर्भाच्या संदर्भात

मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्यावर शरीरातील टाकाऊ द्रव्ये आणि जादा पाणी कृत्रिम मार्गाने बाहेर काढण्याच्या उपचाराला डायलिसिस म्हणतात, आणि विदर्भात या उपचाराचा इतिहास बऱ्याच अंशी नागपूरपर्यंतच्या अंतराचा इतिहास आहे. 1947 मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुढे उभे राहिलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि शहरातील खासगी रुग्णालये यांच्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ येथूनच नव्हे, तर शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येत राहिले. रक्ताच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहावे लागते. दीडशे किलोमीटरवरून येणाऱ्या शेतमजुराच्या घरात याचा अर्थ रुग्णाची आणि सोबत्याची, दोघांचीही मजुरी बुडणे असा होतो.

या अंतरावरचा उतारा म्हणजे पोटाचे डायलिसिस. पोटातील अवयवांवर जे पातळ आवरण असते, त्या पर्युदराचाच गाळणीसारखा उपयोग करून, कायम बसवलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्रावण पोटात सोडायचे, ते चार ते सहा तास आत ठेवायचे आणि मग टाकाऊ द्रव्यांसह बाहेर काढायचे, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेत पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी 1976 मध्ये तिची कल्पना मांडली, टोरांटोत ओरिओपुलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरून ती सुटसुटीत केली आणि भारतात ती 1991 मध्ये आली. दिवसातून तीन-चार वेळा बॅग बदलण्याचे काम रुग्ण किंवा घरातील माणूस स्वतः करतो, त्याला वीज लागत नाही, आणि भारनियमन सोसलेल्या ग्रामीण विदर्भासाठी हा गुण कमी मोलाचा नव्हता.

उपचार घरी गेला, तरी त्यावरची नजर रुग्णालयातच राहिली, आणि खरी अडचण तेथे होती. आत किती द्रावण गेले, बाहेर किती आले, वजन आणि रक्तदाब किती, बाहेर आलेले पाणी स्वच्छ की गढूळ, हे सारे रुग्णाने वहीत लिहायचे आणि ती वही महिन्याच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवायची, अशी रीत होती. गढूळ पाणी हे पर्युदराच्या जंतुसंसर्गाचे पहिले लक्षण असल्याने त्यावर तातडीने उपचार व्हावे लागतात. महिन्याने उघडणारी वही अशा वेळी निरुपयोगी ठरते. विदर्भाच्या हवामानामुळे आणखी एक गुंतागुंत निर्माण होते. द्रावणातील साखरेचे प्रमाण जितके जास्त, तितके पाणी अधिक खेचले जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना घामावाटेच बरेच पाणी जाते, आणि हिवाळ्यात योग्य ठरलेली तीव्र बॅग तेव्हाही चालू राहिली, तर रुग्ण शुष्क होऊन त्याचा रक्तदाब कोसळू शकतो. ऋतूप्रमाणे बॅग बदलायची, तर रोजचे वजन रोजच कळायला हवे.

या अडचणीवरचे भारतीय उत्तर नागपूरपासून सुमारे 500 किलोमीटरवर, हैदराबादेत तयार झाले. डॉ. के. एस. नायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षित समन्वयकांना रुग्णांच्या घरी पाठवून त्यांची निरीक्षणे मोबाइल फोनवरून डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था उभारली आणि 2012 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. दूरच्या खेड्यांतील रुग्णांवरील उपचारांचे परिणाम शहरातल्या रुग्णांहून कमी प्रतीचे नव्हते, हे त्यातून दिसले. यंत्रापेक्षा घरी जाणाऱ्या माणसावर उभी असलेली ही व्यवस्था विदर्भालाही सर्वांत जवळची वाटावी अशी आहे.

श्रीमंत देशांत मात्र देखरेख यंत्रातच सामावली. रात्री रुग्ण झोपेत असताना बॅगांचे काम आपोआप करणाऱ्या यंत्राला सायकलर म्हणतात. गेल्या दशकात त्याला मोडेम जोडला गेला आणि प्रत्येक रात्रीचे आकडे सकाळी रुग्णालयाच्या संगणकावर दिसू लागले, इतकेच नव्हे, तर डॉक्टरांना द्रावणाचे प्रमाण व वेळा तेथूनच बदलता येऊ लागल्या. ही सोय मौल्यवान आहे, परंतु तिला वीज, मोबाइलचे जाळे आणि महागडे यंत्र ही तिन्ही लागतात.

शासकीय धोरण या बाबतीत उशिरा वळले. 2016 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात आधी जिल्हा रुग्णालयांतील रक्ताच्या डायलिसिसवर भर होता आणि पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे 2019 मध्ये आली. 25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदी सुरू होत असतानाच, दूरवैद्यकाची राष्ट्रीय नियमावली प्रसिद्ध झाली आणि फोनवर, व्हिडिओ कॉलवर किंवा लेखी संदेशातून दिलेल्या सल्ल्याला स्पष्ट चौकट मिळाली. गढूळ पिशवीचे छायाचित्र पाहून नागपुरातून दिलेला सल्ला तेव्हापासून केवळ डॉक्टरांच्या सौजन्यावर अवलंबून राहिला नाही. नळी बसवणे, बॅग बदलण्याचे प्रशिक्षण आणि गंभीर संसर्गावरचे उपचार यांसाठी मात्र रुग्णाला आजही रुग्णालय गाठावेच लागते.