मत आणि मालकी

एकोणिसाव्या शतकातील युरोपचा इतिहास उर्दू शाळेत शिकवताना ‘सुधारणा’साठी ‘इस्लाह’ हा शब्द येतो. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. घराची दुरुस्ती झाली तरी मालक तोच राहतो. त्या शतकातील राजकीय सुधारणांचे मर्म या एका शब्दात सापडते.

१८३२ पूर्वी इंग्लंडमध्ये ओल्ड सेरम या जवळजवळ ओसाड जागेचे दोन प्रतिनिधी संसदेत बसत, आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरचा एकही नसे. १८३२ च्या कायद्याने ही विसंगती मोडली. पण शहरात मत मिळाले ते वर्षाला किमान दहा पौंड किमतीचे घर असणाऱ्यालाच. कारखानदार आत आला. त्याच्यासाठी रस्त्यावर उतरलेला कामगार बाहेरच राहिला. नव्या संसदेने १८३४ मध्ये कायदा केला, की धडधाकट गरिबाने मदत हवी तर श्रमगृहात जावे. ज्यांच्याविषयी हा निर्णय झाला, त्यांना मत नव्हते. सर्व प्रौढ पुरुषांसाठी मत मागणारे चार्टिस्टांचे अर्ज १८३९ आणि १८४२ मध्ये फेटाळले गेले. शहरी कामगाराला १८६७ पर्यंत, शेतमजुराला १८८४ पर्यंत वाट पाहावी लागली. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले ते १९२८ मध्ये.

प्रशियाने १८४९ मध्ये वेगळी युक्ती केली. मत बहुतेक पुरुषांना दिले, पण कराच्या रकमेवरून मतदारांचे तीन वर्ग पाडले. मूठभर श्रीमंतांचा पहिला वर्ग आणि बहुसंख्य गरिबांचा तिसरा वर्ग सारख्याच संख्येने प्रतिनिधी निवडत. ही पद्धत १९१८ पर्यंत टिकली.

आता आपल्या भागाकडे पाहू. इंग्रजांनी १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले आणि चांदा त्यांच्या हाती गेले. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांना चांद्यात फाशी दिली. पुढे १८६० च्या दशकातील बंदोबस्तात महसूल गोळा करणारा मालगुजार गावाचा मालक ठरला. तिकडे मालकाला मत दिले, इकडे मालकच घडवले.

वर्धा नदीच्या अलीकडचा आमचा राजुरा-कोरपना भाग निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात जमीन आणि जंगलाचा हक्क मागणारा कोमराम भीम १९४० मध्ये मारला गेला. निजाम मुसलमान होता, पण म्हणून गावातला गरीब मुसलमान जहागीरदार झाला नाही. तोही गोंड, कोलामांसारखाच हक्काविना राहिला. सत्तेचा धर्म आणि सत्तेचा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

१९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, १९४९ मध्ये जहागिरी संपल्या. १९५१-५२ च्या निवडणुकीत देशमुख आणि त्याचा सालगडी, दोघांनाही एकेकच मत होते. सालगड्याच्या बायकोलाही तेवढेच. ब्रिटनला १८३२ पासून ९६ वर्षे लागली ते इथे एकदम घडले.

पण मताची पेटी सर्वांसाठी उघडली म्हणून जमिनीचा सातबारा बदलत नाही. त्यासाठी वेगळे झगडावे लागते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. गावच्या जंगलाचा निर्णय तिथे ग्रामसभा सर्वांच्या संमतीने घेते. मताला मालकीची जोड मिळाली, की दुरुस्तीच्या पुढचे काम सुरू होते.