काडीमोड कुणाच्या हातात?

काडीमोड म्हणजे काय? चार पंचांसमोर एक काडी घ्यायची आणि कडकन मोडायची. संसार संपला. बामणाघरी ही सोय नव्हती, तिथं लग्न सात जन्मांचं. शूद्र-अतिशूद्र म्हटल्या गेलेल्या बहुतेक जातींत मात्र काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट होता. म्हणून आपल्यातले काही कार्यकर्ते छाती पुढं काढून सांगतात, आपल्या बाया पहिल्यापासूनच मोकळ्या.

दोस्तहो, मग एक सांगा. मोकळ्या होत्या तर 20 जुलै 1942 ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषदेत आपल्याच बायांनी घटस्फोटाचा कायदेशीर हक्क कशाला मागितला? सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. बाबासाहेब स्वतः हजर होते. हजारो बाया जमल्या होत्या. त्यांनी एका पुरुषाच्या अनेक बायका बंद करा म्हटलं. गिरणीत, विडी कारखान्यात राबणाऱ्या बाईला रजा द्या, पेन्शन द्या म्हटलं. आणि त्याच यादीत घटस्फोट मागितला. ज्यांच्या घरात काडीमोड होती त्याच बाया कायदा मागत होत्या.

का? कारण काडी पंचांच्या हातात होती आणि पंच सगळे बाप्ये. नवऱ्याला दुसरी आणायची तर काडी मोडायचीही गरज नव्हती, सरळ आणायची. बाईला सुटायचं तर पंचांच्या पाया पडायचं, दंड भरायचा, पोरं टाकून निघायचं. पोटगीचं नाव नाही. शिवाय इंग्रजांचं कोर्ट या पंचांना विचारत नव्हतं. 1876 मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगूनच टाकलं, की लग्न रद्द ठरवायचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. म्हणजे पंचांच्या शब्दावर पाट लावला तरी बाईच्या डोक्यावर गुन्ह्याची टांगती तलवार. काडीमोडीनं नवऱ्याला बाई टाकता येत होती. बाईला छळातून हक्कानं बाहेर पडता येत नव्हतं.

हिंदू कोड बिलाची लढाई इथून बघा. फेब्रुवारी 1949 मध्ये संविधान सभेत सनातनी ओरडले, घटस्फोट म्हणजे धर्म बुडाला. बाबासाहेबांनी त्यांना हिशेब दिला. शूद्र म्हटले जाणारे लोक नव्वद टक्के, त्यांच्यात घटस्फोटाची चाल आहेच. मग दहा टक्क्यांचा रिवाज नव्वद टक्क्यांवर का लादता? त्यांनी आपली चाल पुढं केली, पण ती पंचांच्या हातातून काढून कायद्याच्या कलमात आणायला. बिल अडवलं गेलं. सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि त्याच्या कारणांत हे बिल होतं.

पुढं 1955 ला हिंदू विवाह कायदा झाला. पण छळाच्या कारणावर सरळ घटस्फोट मिळत नव्हता. आधी कोर्टाकडून फक्त वेगळं राहायची परवानगी, आणि त्यानंतर दोन वर्षं एकत्र आले नाहीत तरच घटस्फोट मागायचा. शिवाय एकत्र राहणं जिवाला, तब्येतीला घातक आहे ही भीती दाखवून द्यायची. 1976 च्या दुरुस्तीनं क्रूरता हे घटस्फोटाचं सरळ कारण झालं. नागपूरच्या मागणीपासून मोजा. चौतीस वर्षं! तेवढ्यात बाईचा अख्खा संसार होतो, सुना येतात, नातवंडं होतात.

आता मुद्द्याची गोष्ट. वीस-पंचवीस वर्षं नांदलेली बाई उठते आणि म्हणते, आता पुरे. जळगाव असो की धुळं, पहिला सवाल एकच : इतकी वर्षं राहिलीस ना, मग आत्ताच काय झालं? आणि घरची म्हातारी अहिराणीत म्हणते, आते कोठे जाशी, माय?

हा सवाल कोर्टातही आहे, 'माफी'च्या नावानं. कायदा म्हणतो, छळ झाला पण तुम्ही तो माफ केला असेल तर त्यावर दाद मिळणार नाही. 1975 चा दास्ताने खटला यावरच गाजला. पुण्याचं शिकलेलं घर, तक्रार नवऱ्याची. सुप्रीम कोर्ट म्हणालं, छळ झाला खरा, पण त्यानंतर दोघं नवरा-बायकोसारखे राहिले, म्हणजे माफ केला. पण त्याच निकालात बाईच्या कामाच्या गोष्टी आहेत. एक, फौजदारी खटल्यासारखा तसूभर शंका न ठेवणारा पुरावा लागत नाही. कुणाचं म्हणणं जास्त संभवतं ते बघायचं. दोन, आदर्श नवरा-बायको डोळ्यासमोर धरायचे नाहीत, समोरची दोन माणसं बघायची. तीन, माफी अटीवर असते. पुन्हा छळलं तर जुनं खातं पुन्हा उघडतं. 2007 च्या घोष खटल्यात सुप्रीम कोर्टानं आणखी म्हटलं, की रोजची किरकोळ भांडणं म्हणजे क्रूरता नव्हे, पण संसार अख्खा बघायचा; बरीच वर्षं चालत आलेल्या वागण्याला वजन असतं.

म्हणजे वर्षं बाईच्या विरुद्धच जातात असं नाही. ती तिचा पुरावाही होऊ शकतात. फक्त कुणीतरी ती नीट मांडली पाहिजेत : दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद, माहेरी धाडलेली चिठ्ठी, भिंतीपलीकडून सगळं ऐकलेली शेजारीण.

आणि इथं आपण काय करतो? आपण पंच होतो. खुर्च्या टाकतो, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि बाईला सांगतो, समाजाची बदनामी नको, पोरीचं लग्न व्हायचंय, मिटवून घे. फारच झालं तर शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहून देतो. चालरीत कोर्टात सिद्ध करता आली नाही तर तो स्टॅम्प रद्दी. त्याच्या भरवशावर बाईनं दुसरं लग्न केलं तर ते लग्नच बेकायदा ठरतं. 1988 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं, पहिली बायको हयात असलेल्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला बायको मानलं नाही आणि पोटगी नाकारली. आणि जात सोडून बुद्धाकडं आलेल्या माणसानं जातीची चालरीत कुठल्या तोंडानं सांगायची? बौद्धांना हाच विवाह कायदा लागू आहे.

म्हणून हे पाठ करा. 2003 पासून बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. धुळ्याला नांदलेल्या, जळगावला माहेरी आलेल्या बाईला तारखेसाठी नवऱ्याच्या गावाला जायची सक्ती नाही. 1987 च्या कायद्यानं बाईला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो. केस चालू असताना खर्चाला पैसे मागता येतात, निकालानंतर कायमची पोटगीही.

31 जुलै 1937 ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दर वर्षी त्या तारखेला आपण तिथं गर्दी करतो. करावीच. पण ते धुळ्याला वकील म्हणून आले होते, दुसऱ्याची बाजू मांडायला. वस्तीतल्या एका बाईबरोबर तारखेला जाऊन कोर्टाच्या बाकड्यावर दिवसभर बसणं हेही त्याच वाटेवरचं काम आहे. तिथं घोषणा नसतात, फोटो निघत नाही. तरी जा. आणि जाताना तिला मिटवून घे म्हणू नका.

जय भीम.