शाळा पाड्यावर गेली तेव्हां

रानांत राहणाऱ्या लोकांस शिक्षण द्यावें, ही इच्छा आपल्या देशांत पुष्कळांनीं बाळगिली. परंतु त्या लोकांपाशींहि आपणांस शिकण्याजोगें कांहीं असेल, ही कल्पना फार थोड्यांच्या मनास शिवली. जुन्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ रोजीं जो पालघर जिल्हा वेगळा झाला त्यांत, ह्या गोष्टीची परीक्षा वारली मुलांच्या शाळेंत झाली. आपल्या वाचकांपैकीं जे शिक्षकाचा पेशा करितात, त्यांनीं तरी ती हकीकत ध्यानांत घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा ह्या बाजूस आणि तिला लागून असलेल्या गुजराथच्या मुलखांत वारल्यांची वस्ती जुनी आहे. जमीनदार व सावकार ह्यांच्या वेठीखालीं हे लोक पिढ्यानुपिढ्या पिळून निघाले होते. १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं ती वेठ नाकारिली, तें बंड प्रसिद्धच आहे. अशा घरांतील सहा-सात वर्षांचें पोर रिकामें नसे. त्यास गुरें वळावयाचीं असत. नाहीं तर आई मजुरीस गेली असतां धाकटें भावंड कडेवर घेऊन बसावयाचें असे. शाळा भरे ती नेमकी गुरें रानांत असण्याच्या वेळीं. शिवाय पुस्तकांतली मराठी निराळी आणि घरची वारली बोली निराळी. तेव्हां शाळा ओस पडली तर नवल कसलें? पण बाहेरचीं शहाणीं माणसें म्हणत कीं, ह्या लोकांना विद्येची गोडीच नाहीं.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) ह्यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या सहवासांत बालशिक्षणाचें काम केलें होतें. १९२६ सालीं निघालेल्या नूतन बालशिक्षण संघांतहि त्यांचा हात होता. मॉंटेसोरीबाईंच्या पद्धतीवर त्यांची निष्ठा, परंतु तीं महागडीं साधनें खेड्यांत कोठून आणावयाचीं? १९४५ सालीं, म्हणजे बंडाच्याच वर्षीं, त्यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. अनुताई वाघ (१९१०–१९९२) ह्या त्यांस तेथेंच येऊन मिळाल्या. लहानपणींच वैधव्य आलेल्या आणि स्वतःच्या हिंमतीवर शिकलेल्या ह्या बाईंनीं पुढें सारा जन्म त्याच कामांत घातला. १९५७ सालीं केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या ऐन वस्तींत, गेलें.

साधनांचा प्रश्न त्यांनीं शिंपले, बिया, पानें व खडे ह्यांवर भागविला. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शिक्षिकाच पाड्यावर जाऊन कोणाच्या तरी अंगणांत बसूं लागल्या. अंगणांतल्या ह्या बालवाडीचें नांव अंगणवाडी. (२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें बालविकासाची मोठी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना हेंच नांव मिळालें; तें रोज उच्चारणाऱ्यांस त्याचा उगम क्वचितच ठाऊक असतो.) थोरल्या बहिणीस कडेवरचें पोर टाकून येतां येईना, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग हीं एकाच आवारांत आणिलीं. सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे कुरणशाळा. गुराख्यांनीं गुरें सोडून शाळेंत यावें, असा हट्ट न धरितां शाळाच गुरांच्या पाठोपाठ कुरणांत गेली. गुरें चरत आहेत, पोरें झाडाखालीं बसलीं आहेत, एक डोळा पाटीवर आणि एक गाईवर, असा तो वर्ग! ज्यांनीं हें योजिलें त्यांनीं वारली घराची दिनचर्या आधीं शिकून घेतली होती, हें उघड आहे.

तथापि इतिहास लिहावयाचा तर भक्तिभावानें डोळे झांकून चालत नाहीं. त्या काळच्या सर्वच सेवकांप्रमाणें ह्या बाईहि साबण व फणी घेऊन, सुधारणा करावयाच्या बुद्धीनें आल्या होत्या. वेळ, जागा आणि साधनें वारल्यांचीं झालीं; ज्ञान मात्र बव्हंशीं शाळेचेंच राहिलें. शाळा पाड्यावर गेली, पण पाडा पुस्तकांत आला असें माझ्यानें म्हणवत नाहीं.

आपल्या ख्रिस्ती वाचकांस हा पेंच अपरिचित नसावा, कारण गोव्यांत तो फार पूर्वीं पडला. फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरले. आधीं ते येथील भाषेचे विद्यार्थी झाले, आणि मग १६१६ सालीं त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण रायतूर येथें छापून निघालें. लोकांच्या ओवींत त्यांनीं आपला विषय घातला. त्यानंतर अडुसष्ट वर्षांनीं, २७ जून १६८४ रोजीं, त्याच गोव्याच्या व्हाइसरॉयनें फर्मान काढिलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें! एकाच भूमींतील हे दोन मार्ग होत. वारली मुलाच्या तोंडचा शब्द ‘अशुद्ध’ म्हणून खोडणारा मास्तर दुसऱ्या मार्गानें चालला आहे, मग त्यास त्या फर्मानाची गंधवार्ता असो वा नसो. एकदां शब्द खोडला गेला कीं तें मूल गप्प बसतें, आणि गप्प बसलेलें मूल पुढें शाळाच सोडतें.

अलीकडे एक नवी तऱ्हा निघाली आहे. वारली चित्रें शाळांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तीं कागदावर आणून जगापुढें मांडिलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, ह्याचा सर्वांस आनंदच आहे. पण मूळची गोष्ट निराळी. शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें सवाष्णी जो लग्नाचा चौक काढितात, तो शोभेसाठीं नव्हे. त्यांत पालघट देवीची स्थापना असते आणि त्यावांचून लग्न लागत नाहीं. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. तिच्या गाण्यांत त्या लोकांचें पुराण सांठविलेलें आहे. चित्रकलेच्या तासास त्रिकोणाला त्रिकोण जोडून मुलें जें काढितात, त्यांत ह्यांतलें काय उरतें? आदर ठेवावयाचा तर मास्तरानें आधीं पाड्यावर जाऊन विचारावें: ह्यांतलें काय वर्गांत काढावें, काय काढूं नये? आणि सांगणाऱ्या बाईस वर्गांत बोलावावें, खुर्ची द्यावी, शिक्षकास मिळतें तसें मानधन द्यावें. तिच्या मागें तिची थट्टा होऊं देऊं नये.

भाताच्या धड्याचेंच पाहा. पुस्तक दाणा, मूळ, पान सांगतें. वारल्याच्या पोरास धान्य ही कणसरी देवी आहे, आणि नवें धान्य तिला दाखविल्यावांचून तोंडांत घालावयाचें नाहीं, हें ठाऊक असतें. रोप केव्हां उपटावें, चिखल किती असावा, हें त्यानें आईच्या शेजारीं उभें राहून पाहिलेलें असतें. हा धडा त्या पोरानें सांगावा आणि मास्तरानें फळ्यावर लिहावा, त्याच्याच शब्दांत. पुस्तकाचें पान त्यानंतर उघडावें.

धवलेरीच्या गाण्याचें पुस्तक नसतें; तें ऐकून ऐकून पाठ होतें. लग्नसराईच्या रात्रीं तिच्याजवळ बसून तें ऐकणारी मुलगी दुसऱ्या दिवशीं वर्गांत आली नाहीं, तर तिची गैरहजेरी मांडावी कीं न मांडावी, हें हजेरीपट हातीं असलेल्या मास्तरानेंच ठरवावयाचें आहे.