तरुण घोडा विकत घेण्यापूर्वी

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या यात्रेनिमित्त नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी भरणाऱ्या घोडेबाजारात हौसेपोटी घोडा घेऊ पाहणारा शहरी ग्राहकही दिसतो. व्यवहार लाखांचे असतात आणि घोडा पंचवीस वर्षेही जगतो. त्यामुळे निवड चुकली, तर नुकसान खिशापुरते राहत नाही. अकाली लंगडा झालेला घोडा हातोहाती विकला जातो आणि त्याची परवड सुरू होते.

बाजारात पहिली चर्चा होते ती रंगाची, कानांची आणि भोवऱ्यांची. मारवाडी व काठेवाडी घोड्यांचे आत वळलेले कान, चारही पाय व तोंडावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याणी, गळ्यावरील ‘देवमन’ भोवरा यांमुळे किंमत चढते. शालिहोत्राच्या परंपरेत या लक्षणांना मान आहे आणि ओळखीची खूण म्हणून भोवऱ्यांची नोंद आजही केली जाते. मात्र भोवरा शुभ असला म्हणून गुडघा सुदृढ असतोच असे नाही.

खरी पाहणी तोंडापासून सुरू करावी. समोरच्या दातांपैकी मधली दुधाची जोडी साधारण अडीच वर्षांनी पडते, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी. दुधाचे दात लहान, पांढरे व मुळाशी निमुळते, तर कायमचे दात मोठे व पिवळसर असतात. चार वर्षांचा म्हणून दाखविलेल्या घोड्याची मधली एकच जोडी बदललेली असेल, तर तो जेमतेम तीन वर्षांचा आहे. हा फरक किरकोळ नव्हे. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते, पाठीच्या कण्याची त्याहून बरीच नंतर पूर्ण होते. कोवळ्या वयात भरपूर स्वारी झालेल्या घोड्याचे सांधे पुढे त्रास देतात. विक्रीसाठी खुराक देऊन गुटगुटीत केलेले शिंगरूही जपूनच पाहावे; अतिपोषणाने सांध्यांजवळ सूज येऊ शकते आणि चरबीखाली शरीराची ठेवण झाकली जाते.

त्यानंतर पाय. घोडा सपाट जमिनीवर उभा करून समोरून, मागून व बाजूने पाहावा. पाय सरळ रेषेत आहेत का, चारही खूर आकाराने जुळतात का, खुरांना भेगा आहेत का, हे तपासावे. हात फिरवताना एखादा सांधा वा खूर इतरांपेक्षा गरम लागला, तर कारण विचारावे. मग कठीण जमिनीवर सैल दोरीने सरळ रेषेत दुडकी चालवावी. पुढचा पाय दुखत असेल, तर तो जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना खाली झुकवतो. गावचे जाणते लोक ही खूण बरोबर हेरतात. नवख्याने असा एखादा माणूस सोबत न्यावा. वेदनाशामक इंजेक्शनने लंगडणे काही काळ लपते, म्हणून एकाच पाहणीवर न थांबता दुसऱ्या दिवशी, पूर्वसूचना न देता पुन्हा जावे.

स्वभाव पाहण्यासाठी घोडा आधीच खरारा करून, खोगीर चढवून तयार ठेवू देऊ नये. त्याला ठाणावरून सोडवण्यापासून सारे आपल्यासमोर व्हावे. चारही पाय उचलू देतो का, सोबतच्या घोड्यांपासून दूर नेल्यावर बावरतो का, हे तेव्हाच कळते. गव्हाणीची कड कुरतडलेली असेल, तर दात टेकवून वारा गिळण्याची सवय असू शकते. ती सहसा सुटत नाही.

अखेरची तपासणी पशुवैद्यकाचीच, आणि तो विक्रेत्याने सुचविलेला नसावा. डोळे, हृदय, श्वसन व नर शिंगराचे दोन्ही वृषण उतरले आहेत का, हे त्याने पाहावे. ग्लँडर्स या रोगासाठी रक्ततपासणी अत्यावश्यक आहे. हा रोग माणसालाही होऊ शकतो आणि २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची माहिती प्रशासनाला देणे बंधनकारक आहे. अहवाल हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. घरी आणलेला घोडाही पहिले दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळा बांधावा आणि त्याचे पाण्याचे भांडे स्वतंत्र ठेवावे.