शब्दवेध : दलाल

'वाट दाखविणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून सिद्ध झालेला, फारसीच्या हातून दफ्तरांत आणि पेठांत शिरलेला 'दलाल' हा शब्द आज मराठीत जवळजवळ अपशब्दाच्या पंक्तीला जाऊन बसला आहे, हे मला अन्यायाचे वाटते. प्रमाण, युक्तिवाद या अर्थी हिंदीत रूढ असलेला 'दलील' त्याचाच सख्खा भाऊ. ज्याच्या कुळात वाट आणि पुरावा दोन्ही दाखविणे आहे, त्याने गिऱ्हाइकापासून काही लपवावे, हीच खरी विसंगती.

स्थावराच्या व्यवहारात तर नानाविध जाणकार भेटतात : किंमत ठरविणारा नोंदणीकृत मूल्यांकक निराळा, मालकीहक्काची परंपरा तपासणारा सनदधारक वकील निराळा, आणि घेणारा व विकणारा यांची गाठ घालून देणारा दलाल निराळा. २०१६च्या स्थावर संपदा अधिनियमाने या तिसऱ्यास 'एजंट' म्हटले. नोंदणीवाचून त्याने नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकू नये, प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणीक्रमांक नमूद करावा, हिशेबाच्या वह्या राखाव्यात, खोटी विधाने करू नयेत, आणि खरेदीदारास ज्या कागदपत्रांचा हक्क आहे ती सदनिका आरक्षित करण्याच्या वेळीच त्याच्या हाती पडतील असे पाहावे, असा दंडक घातला. या शेवटच्या कलमात मला त्या जुन्या धातूचाच अर्थ पुन्हा कायद्याच्या भाषेत उमटलेला दिसतो. महाराष्ट्रात तर २०२३ पासून एजंटास प्रशिक्षण घेऊन परीक्षाही उत्तीर्ण करावी लागते.