मुदपाकखान्याची यादी

आमच्या घरात महिन्याच्या किराण्याची यादी दर वेळी नव्याने लिहिली जात नाही. अम्मीच्या वहीत ती एकदाच लिहिलेली आहे. तांदूळ, आटा, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ, मिरची. जिन्नस तेच, फक्त पुढचे आकडे खोडून नवे होतात. रमजानच्या आधी खाली खजूर, शेवया आणि बेसनाची भर पडते. ही वही पाहिली की मला 'आईने अकबरी' आठवते.

अबुल फझलचा हा ग्रंथ म्हणजे 'अकबरनामा'चा तिसरा भाग. अभ्यासक त्यात मनसबदारी आणि जमीनमहसूल शोधतात, आणि शाही मतबखाची पाने उलटून पुढे जातात. मतबख म्हणजे स्वयंपाकघर. आपल्याकडच्या जुन्या कागदांत तोच शब्द मुदपाकखाना होऊन बसला. खरे तर एवढ्या मोठ्या घराचा किराणा कसा भरला जायचा, याचे इतके तपशीलवार वर्णन फार थोड्या ठिकाणी मिळते.

पद्धत अशी. वर्षाच्या सुरुवातीला संपूर्ण वर्षाचा अंदाज मांडायचा आणि रक्कम उचलायची. पैशांच्या थैल्यांवर आणि कोठाराच्या दारावर मीर बकावल, म्हणजे पाकशाळेचा मुख्य अधिकारी, आणि लेखनिक या दोघांची मोहर. दर महिन्याला रोजच्या खर्चाचा ताळा. दर तिमाहीच्या आरंभी लागणारा माल आधीच आणून ठेवायचा: सुखदास तांदूळ बहराइचचा, देवजीरा ग्वाल्हेरचा, तूप हिसारचे, काही भाज्या थेट काश्मीरच्या. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट, प्रत्येक मालाचा नमुना जपून ठेवायचा. पुढच्या खेपेला आलेला माल त्याच्याशी ताडून पाहायचा. नुसते 'तांदूळ' लिहून भागत नाही, कोणता तांदूळ तेही ठरलेले हवे, हे वाण्याकडून एकदा फसलेल्या कोणालाही पटेल.

पाककृतीही याच हिशेबी नजरेने लिहिल्या आहेत. चव, रंग, कृती यांवर फारसे काही नाही. कोणता जिन्नस किती आणि त्यातून किती थाळ्या, एवढेच. खिचडी घ्या: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी 5 सेर, मीठ एक तृतीयांश सेर, थाळ्या 7. उद्या किती जण जेवणार हे कळले की कोठारातून काय काढायचे ते आपोआप ठरते. (हा सेर वजनाचा आहे, पायली-शेराच्या मापातला नव्हे. 40 सेरांचा मण, आणि अकबरी मण आजच्या सुमारे 25 किलोंचा.)

तांदळाइतकेच तूप! ही चैन किती मोठी होती ते त्याच ग्रंथातल्या भावांवरून कळते. पावसाळ्यात किंवा फौज कूच करत असताना भाव खाली-वर होतात, म्हणून आपण सरासरी देतो, असे अबुल फझल प्रामाणिकपणे सांगतो. एका मणाला गहू 12 दाम, ज्वारी 10, मूगडाळ 18, मीठ 16, पांढरी साखर 128 आणि तूप 105. रुपयाला 40 दाम. म्हणजे त्या खिचडीतली डाळ जेमतेम सव्वादोन दामांची आणि तूप तेरा दामांचे. मीठ गव्हापेक्षा महाग होते, हे वाचून मी पान पुन्हा तपासले होते.

याच ग्रंथात बांधकामावरच्या लोकांचे रोजही दिले आहेत. साध्या मजुराला दिवसाला 2 दाम. त्यात साडेसहा सेरांच्या वर गहू येई, म्हणजे पोट भरण्यापुरते धान्य मिळे. पण एक सेर तूप अडीच दामांच्या पुढे आणि एक सेर साखर तीन दामांच्या पुढे. दिवसभर राबून सेरभर तूप घरी नेता येत नव्हते. त्या मजुराच्या घरी काय शिजे, किती पुरे, कोणता जिन्नस आधी संपे, याची यादी कोणीच लिहिली नाही. ती त्याच्या बायकोच्या डोक्यात असणार.

मराठीत वर्षाच्या साठ्याला आपण बेगमी म्हणतो. शब्द फारसी आहे: बे-गम, ज्याला चिंता नाही असा. कोठारावर मोहर असलेल्यांच्या बाबतीत तो अर्थ शब्दशः खरा होता. आपल्याकडे उन्हाळ्यात मिरची-हळद, डाळी, तांदूळ भरून ठेवायची रीत त्याच शब्दावर चालली. पण एकरकमी पैसा हाती असेल त्यालाच ती जमते. बाकीच्यांना पावशेराने, चढ्या भावाने घ्यावे लागते.

अम्मीच्या वहीत बाकी सगळे आकडे पेनाने आहेत. तुपापुढचा पेन्सिलीने. तो सर्वांत शेवटी, बाकीची बेरीज झाल्यावर लिहिला जातो.